आई म्हणते, हिचे दिवस भरले

परवा रात्री अकरा वाजता दादाचा मेसेज आला. नुसता एक स्क्रीनशॉट आणि खाली "हे खरंय का??" मला वाटलं आईचा कुठला रिपोर्ट वगैरे, धसकाच बसला, चष्मा शोधून बघितलं तर विकीपीडियाचं पान. स्वॅट कॅट्स या मांजरांच्या कार्टूनचं. एका ओळीभोवती त्यानं बोटानं लाल गोल काढलेला: शेवटचा भाग, ६ जानेवारी १९९५.

मी काही टाइप करायच्या आत फोनच आला.

"आपल्याकडं कार्टून नेटवर्क कधी आलं गं?"

"भारतात मे ९५. आपल्या घरी केबल आली सत्त्याण्णवला."

"म्हणजे आपण बघायला लागलो तेव्हा ते बंद पडून दोन वर्षं झालेली?"

"हो."

"आणि तुला हे माहिती होतं."

हा प्रश्न नव्हता. मला माहिती होतंच, मी कार्टूनच्याच धंद्यात काही वर्षं काढलीत, पण त्याला कधी सांगितलं नव्हतं. कारण सहावी-सातवीतला दादा मला आठवतो, कराडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात टीव्हीसमोर पाटावर बसलेला, रफ वहीच्या मागच्या पानावर टर्बोकॅट विमान काढणारा. पंख नेहमी चुकायचे, मग खोडरबर घासून कागदाला भोक. आणि दर वेळी जुनाच भाग लागला की म्हणायचा, "उद्या नवीन असंल." हे "उद्या नवीन असंल" त्यानं दोन वर्षं तरी म्हटलं असेल. रात्री एका ठरलेल्या वेळेला कार्टून नेटवर्क बंद होऊन त्याच चॅनलवर टीएनटी सुरू व्हायचं, कुठला तरी जुना कृष्णधवल इंग्रजी पिक्चर, टोपी घातलेला माणूस सिगारेट ओढत जिन्यावरून उतरतोय, आणि आमचे चेहरे पडायचे. तेव्हा वाटायचं आज वेळ संपली म्हणून राहिलं. मांजरं अमेरिकेत आधीच घरी गेलेली, हे आम्हाला कोण सांगणार.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मेगाकॅट सिटी नावाचं मांजरांचं शहर, तिथं भंगारच्या यार्डात गाड्या दुरुस्त करणारे दोन मेकॅनिक, चान्स आणि जेक, आणि संकट आलं की तेच टी-बोन आणि रेझर होऊन भंगारातून स्वतः जोडलेलं जेट उडवणार. डार्क कॅट, डॉक्टर व्हायपर, मेटॅलिकॅट्स असले एकसे एक व्हिलन. इव्हॉन आणि क्रिस्टियान ट्रेंब्ले या दोन भावांची कल्पना, हॅना-बार्बेराची निर्मिती, बरंचसं ॲनिमेशन जपानच्या मूक स्टुडिओचं, त्यामुळे ते उडणं-फुटणं इतर हॅना-बार्बेरा कार्टून्ससारखं सपाट नव्हतं, त्याला वजन होतं. दादाचं आज मार्केट यार्डाजवळ ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि मागच्या शेडमध्ये तो अजून काहीबाही वेल्डिंग करत बसतो, आता याचा त्या यार्डाशी संबंध आहे का ते त्यालाच विचारा.

तर ते अमेरिकेत ११ सप्टेंबर १९९३ ला सुरू झालं आणि दोन सीझनमध्ये आटोपलं. शेवटचा भाग म्हणून जो दाखवला तो खरा भागच नाही, जुन्या भागांतले तुकडे जोडून केलेला 'स्पेशल रिपोर्ट'. तीन भाग अर्धवट राहिले. आणि हे सगळं कधी, तर ते चांगलं चाललेलं असताना. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सिंडिकेशनच्या कार्टून्समध्ये, म्हणजे गावोगावच्या स्टेशनांना सुटी विकली जाणारी जी असतात त्यांच्यात, ते एकदम वरच्या नंबरात होतं.

मग बंद का केलं?

दादाचा दुसऱ्या दिवशी सकाळी हाच प्रश्न, दुकान उघडायच्या आधी. आणि मी उत्तर द्यायला लागले तर लक्षात आलं की हे एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून हा लेख.

सगळे एक गृहीत धरून चालतात की लोकांनी बघायचं सोडलं की कार्टून बंद होतं. नाटकाला गर्दी नाही, प्रयोग बंद. सरळ आहे. पण कार्टूनच्या बाबतीत बघणारं पोरगं हे गिऱ्हाईकच नाही. त्याच्या खिशात पैसे नाहीत, ते चॅनलला काही देत नाही. चॅनलला पैसे देतो जाहिरातवाला, आणि मालिकेला पैसे बऱ्याचदा देतो खेळणीवाला. हीमॅन आठवतोय ना, दूरदर्शनवर लागायचा? त्यात आधी खेळणं आलं, १९८२ ला मॅटेल कंपनीचं, आणि कार्टून आलं १९८३ ला. म्हणजे आपण ज्याला मालिका समजत होतो ती अर्ध्या तासाची जाहिरातच होती, फक्त शेवटी थोडी शिकवण सांगायचे. त्यांनी पहिल्या सीझनचेच ६५ भाग केले. हा ६५ आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता स्वॅट कॅट्स सुरू व्हायच्या बरोबर दोन आठवडे आधी, २८ ऑगस्ट १९९३ ला, पॉवर रेंजर्स सुरू झाले. ते कार्टून नाही, पण गिऱ्हाईक तेच, सहा ते अकरा वयाची मुलं. त्यांची खेळणी त्या नाताळात अमेरिकेतल्या दुकानांत मिळेनाशी झाली इतकी खपली. आणि आमच्या मांजरांची? थोड्याशा बाहुल्या आल्या १९९४ मध्ये. व्हिडिओ गेम आला १९९५ मध्ये, मालिका बंद पडल्यावर! वरात निघून गेल्यावर बँडवाला यावा तसं. त्यात अमेरिकेत त्या काळात टीव्हीवरच्या हिंसेवरून मोठा गदारोळ चाललेला, काँग्रेसमध्ये सुनावण्या होत होत्या, आणि हॅना-बार्बेराचे मालक टेड टर्नर स्वतः टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध बोलणाऱ्यांपैकी. क्षेपणास्त्रं सोडणारी मांजरं त्यांना किती आवडत असतील! नेमकं कुठलं कारण शेवटचं ठरलं यावर फॅन लोक आजही भांडतात, पण पोरांनी बघणं सोडलं हे त्यातलं कारण नाही.

खेळण्यांचं हे गणित सगळ्यात उघड दिसलं यंग जस्टिसच्या वेळी. कार्टून नेटवर्कची मालिका, २०१० च्या नोव्हेंबरात सुरू झाली, २०१३ च्या मार्चमध्ये बंद. तिचे एक निर्माते ग्रेग वाइजमन यांनी नंतर सरळ सांगून टाकलं की पैसा मॅटेलच्या खेळण्यांच्या कराराच्या आधारावर होता, खेळणी चालली नाहीत, मॅटेलनं हात काढला, पैसा आटला. झालं. गोष्ट कशी होती, लोकांना आवडली का, हा विषयच नाही. आणि याहून कडू म्हणजे पॉल डिनी, बॅटमॅनच्या ॲनिमेटेड मालिकेचे गाजलेले लेखक, त्यांनी २०१३ मध्ये एका पॉडकास्टवर सांगितलं की चॅनलवाल्यांना असल्या ॲक्शन मालिकांना मुलींचा प्रेक्षक नकोच असायचा, कारण मुली ही खेळणी घेत नाहीत असा त्यांचा ठाम समज. बघणारे वाढले तरी पंचाईत! मी स्वतः मुलगी, स्वॅट कॅट्ससाठी टीव्हीसमोरून न उठणारी, मला ते ऐकून हसावं का चिडावं कळेना. दादानं काढलेल्या विमानाला रंग मी द्यायचे.

(मात्र हेही सांगायला हवं की खेळणी कराडात आलीच नाहीत, आली असती तरी बाबांनी घेतली नसती. आम्ही दोघंही खेळणीवाल्यांच्या हिशोबात शून्यच.)

आता माझ्या कामाचं सांगते.

पुण्यात ॲनिमेशनचा कोर्स करून मी मालाडच्या एका स्टुडिओत लागले. नाव लिहीत नाही. तिथं परदेशातल्या मालिकांचं काम यायचं, लिहिणं तिकडं, आवाज तिकडचे, स्टोरीबोर्ड तिकडचे, आणि प्रत्यक्ष हलवायचं काम इकडं. मी रिगिंगला होते. रिगिंग म्हणजे, कॅरेक्टरचं चित्र येतं समोरून, बाजूनं, पाठून काढलेलं, त्याचे तुकडे करायचे, हात कोपरात वळला पाहिजे, मान फिरली पाहिजे, तोंडाचे आठ-नऊ आकार बनवून ठेवायचे, ओठ मिटलेला म-प-ब चा एक, 'ओ' चा गोल एक, दात दिसणारा 'ई' चा एक, आणि मग ॲनिमेटर ती बाहुली घेऊन सीन करतो. ॲनिमेटरचा कोटा सेकंदांत असतो. दिवसभर मान मोडून पाच-सहा सेकंद. त्यात संध्याकाळी क्लायंटचा रिटेक, बाराव्या फ्रेमला हात ऑफ मॉडेल आहे, ठरलेल्या चित्राशी जुळत नाही. म्हणजे उद्या परत तेच सेकंद.

एका मालिकेवर मी जवळजवळ दोन वर्षं होते. आम्ही दुसरा सीझन करत होतो तेव्हा तिकडं पहिला लागलेला. आम्हाला तो इथं दिसायचा नाही, मग आम्ही काय करायचो तर लंच ब्रेकमध्ये विकीपीडियावर भागांची यादी उघडून बसायचो. हा भाग आपण केलेला, त्याच्यापुढं तारीख, त्याच्यापुढं प्रेक्षकांचा आकडा. आधी बरे आकडे होते. दर शनिवारी सकाळची तारीख. मग एक दिवस आमचा लाइन प्रोड्यूसर म्हणाला, "तारखा बघितल्या का?" शनिवारी लागणारा भाग मंगळवारी लागलेला. मग मध्ये सात आठवडे काहीच नाही. मग एका आठवड्यात चार भाग, पहाटे सहाला. अर्थातच आकडे पडले. पहाटे सहाला उठून बघणारं पोरगं तुमच्या घरात आहे का? माझ्या भाच्याला साडेसातच्या स्कूल बससाठी उठवायला तीन माणसं लागतात.

मी सुट्टीला घरी आले होते तेव्हा आईला हे असंच जेवताना सांगितलं. आई रोज मराठी मालिका बघते, दोन तरी. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "वेळ बदलली का?" म्हटलं हो. "मग हिचे दिवस भरले." एवढंच. म्हणाली साडेआठची मालिका साडेदहाला नेली की समजायचं, आता पुढच्या महिन्यात नायिकेचं घाईघाईनं लग्न लावणार आणि निरोप घेणार. आणि वर म्हणणार, प्रेक्षकांनी पाठ फिरवली. "पाठ आम्ही फिरवतो व्हय? आम्ही साडेआठला बसलेलोच असतोय."

ॲनिमेशनच्या कोर्सला फी भरली लाखभर, आणि त्यातलं कुणी मला हे इतकं नीट सांगितलं नव्हतं. आधी वेळ हलवतात. मग प्रेक्षकाचा माग सुटतो. मग त्या सुटलेल्या प्रेक्षकाचा आकडा मिटिंगमध्ये दाखवतात. आणि कागदावर काय उरतं, तर प्रेक्षक कमी झाले म्हणून बंद.

हे फक्त आमच्या अनाम मालिकेचं झालं असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं. कोराचं बघा. द लेजंड ऑफ कोरा, निकेलोडियनची, 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या कार्टूनच्या पुढची गोष्ट. एप्रिल २०१२ मध्ये पहिला भाग लागला तेव्हा अमेरिकेत सुमारे ४५ लाख लोकांनी बघितला. हा आकडा छोटा नाही. मग दुसरा सीझन यायला सप्टेंबर २०१३ उजाडला, दीड वर्ष होत आलं, आणि लावला कुठं तर शुक्रवारी संध्याकाळी, जेव्हा थोडी मोठी पोरं घरात नसतातच, आकडा २६ लाखांच्या आसपास. तिसऱ्या सीझनचे काही भाग मेक्सिकोकडून स्पॅनिशमध्ये आधीच फुटले, मग चॅनलनं काय केलं तर फारशी जाहिरात न करता घाईत जून २०१४ च्या शेवटी सीझन सुरू केला, एका शुक्रवारी दोन-तीन भाग लावले, आणि आकडा साहजिकच आणखी खाली, १५ लाखांवर. आणि मग जुलैमध्ये, सीझन अर्ध्यात असताना, टीव्हीवरून काढून टाकलं! उरलेले भाग इंटरनेटवर बघा म्हणाले. चौथा सीझन तर इंटरनेटवरच सुरू झाला, डिसेंबर २०१४ ला संपला.

इथं एक गोष्ट मला फार आतून लागते. चौथ्या सीझनच्या मध्येच चॅनलनं बजेट कापलं, जवळजवळ एका भागाचे पैसे. निर्माते ब्रायन कोनिएत्झको यांनी नंतर लिहिलं होतं की त्यांच्यापुढं दोनच वाटा होत्या, एकतर टीममधली बरीच माणसं काढायची नाहीतर एक भाग जुन्या तुकड्यांतून जोडायचा. त्यांनी तुकडे जोडले. चौथ्या सीझनचा आठवा भाग तो, फॅन लोक त्याला आजही नावं ठेवतात, फिलर म्हणतात. मीही ठेवत होते, हे वाचेपर्यंत. आता तो भाग लागला की मला कॅरेक्टर दिसत नाहीत, त्या महिन्याचा पगार झालेली माणसं दिसतात. आणि स्वॅट कॅट्सचा शेवटचा भागही तुकडे जोडलेलाच होता हे आठवतं. आजकाल कुठल्याही मालिकेत "आठवतंय का तुला, तेव्हा आपण..." सुरू झालं की माझ्या पोटात गोळा येतो.

तरी प्रामाणिकपणे सांगते, सगळं खापर चॅनलवर फोडणं मला पटत नाही. फॅन लोकांच्या लिखाणात चॅनलवाला म्हणजे डार्क कॅटच असतो, अंधारात बसून हसणारा. कोराच्या दुसऱ्या सीझनची पहिली अर्धी बाजू खरंच ढिली आहे, मी दोनदा बघितली आणि दोन्ही वेळा मध्येच मोबाईल हातात घेतला. आणि चॅनलवाल्याचा हिशोबही मूर्खपणाचा नाही. तो ६५ चा आकडा काढा आता. आठवड्याचे पाच दिवस, तेरा आठवडे, एक तिमाही. ६५ भाग झाले की रोज एक लावून तीन महिने निघतात, आणि मग परत पहिल्यापासून. आणि गंमत अशी की यांचा प्रेक्षक दर तीन-चार वर्षांनी आपोआप बदलतो. आठ वर्षांचं पोरगं बारा वर्षांचं झालं की कार्टूनला हसायला लागतं (मग परत पंचविशीत येऊन रडतं, पण तो पंचविशीतला माणूस खेळण्यांच्या जाहिरातवाल्याला नको असतो). त्याच्या जागी नवीन आठ वर्षांचं येतं, त्याच्यासाठी सगळे जुने भाग नवीनच. मग एवढे पैसे घालून ६६ वा भाग कशाला करायचा? डिस्नेनं तर वर्षानुवर्षं ६५ वर थांबायचा जवळजवळ नियमच पाळला.

आणि हाच हिशोब लांबलचक सलग गोष्ट सांगणाऱ्या मालिकेला मारतो. कोरा किंवा यंग जस्टिस मधूनच लावता येत नाही. सतरावा भाग बघून कुणाला काय कळणार, कोण कुणाचा बाप, हा का चिडलाय. याउलट टीन टायटन्स गो, अकरा-अकरा मिनिटांचे सुटे भाग, कुठलाही कधीही लावा, दिवसभर लावा. कार्टून नेटवर्कनं २०१३ नंतर खरंच दिवसभर तेच लावलं. आपल्याकडचं वेगळं काय आहे? डोरेमॉन बघा, मोटू पतलू बघा, छोटा भीम बघा. नोबिता पंधरा-वीस वर्षं नापासच होतोय, भीम लाडूच खातोय, आणि शाळेतून आलेलं कुठलंही पोरगं कुठूनही बघायला बसू शकतं. मी स्वतः रिग करायचे तेव्हा मला सुटे भाग आवडायचे, कारण कपडे बदलत नाहीत. तेच जॅकेट, तीच चप्पल. सलग गोष्टीत लेखक लोकांना मध्येच काय सुचेल सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही ती म्हणजे वेळेचं अंतर. एक भाग लिहिल्यापासून हातात यायला नऊ-दहा महिने, वर्षसुद्धा जातं. म्हणजे पहिला सीझन लागतो तेव्हा दुसरा अर्धा होऊन गेलेला असतो. लोकांना काय आवडलं, काय नाही हे कळून आम्ही सुधारणार कधी? दैनंदिन मालिकेत आज टीआरपी पडला की पंधरा दिवसांत सासू वाईटाची चांगली करता येते. आमच्याकडं लोक ज्या चुकीवर ओरडतायत ती वर्षापूर्वीची, आणि तिच्यापुढच्या दहा चुका आधीच रंगवून तयार. टीम मात्र तेवढा वेळ रिकामी ठेवता येत नाही. चॅनल "बघू, सांगतो" म्हणत तीन महिने बसलं की स्टुडिओ माणसं दुसऱ्या कामावर टाकतो किंवा घरी पाठवतो, आणि तीन महिन्यांनी हो आलं तरी ते हात परत मिळत नाहीत.

आमच्या मालिकेचं नेमकं तसंच झालं. तिसऱ्या सीझनचे पहिले काही भाग येणार असं तोंडी ठरलेलं, त्यातल्या एकात मुख्य पोरगी पावसात रेनकोट घालते. तिकडून त्या रेनकोटचं डिझाइन आलेलं, पिवळा, टोपीवाला, मागून थोडा मोठा. माझ्या लीडनं सांगितलं, रिकामी आहेस तर करून ठेव. मी तो रेनकोट अकरा दिवस केला. टोपी डोक्यावर आणि डोक्यामागं, दोन्ही. चालताना खालची कड हलली पाहिजे, भिजल्यावर ती जड व्हायला पाहिजे, म्हणून तिला वेगळे पाच पॉइंट. बटणाजवळ थेंब, ते वेगळ्या लेयरवर. तेव्हा मालाडला जुलै चाललेला, मी रोज स्टेशनवरून भिजून यायचे आणि लोकांच्या रेनकोटच्या कडा बघत चालायचे, एकदा तर एक बाई माझ्याकडं वळून बघायला लागल्या.

शुक्रवारी मेल आली. कुणाला काढलं वगैरे त्यात काही नव्हतं. फक्त, पुढची सूचना येईपर्यंत नवीन असाइनमेंट देऊ नयेत. रिटेकसुद्धा थांबले, आणि रिटेक थांबले तेव्हा आम्हाला कळलं, कारण ज्या क्लायंटनं दोन वर्षं बोटाच्या नखावरून भांडण केलं त्याला अचानक काहीच चूक दिसेना. महिन्याभरात बावीस जण कमी केले, मी त्यात होते. शेवटचा पगार चार महिन्यांनी आला, अर्धा. सर्व्हरवरचं काहीही घरी न्यायचं नाही असं लिहून दिलेलं, त्यामुळे रेनकोट तिथंच राहिला, कुठल्या तरी फोल्डरमध्ये, आता तो सर्व्हरही नसेल.

लोक म्हणतात आता स्ट्रीमिंग आलंय, आता वेळेची भानगडच नाही. तसं वाटलं होतं खरं. यंग जस्टिस परत आली ती ओटीटीमुळेच, लोक जुने भाग नेटफ्लिक्सवर पुन्हापुन्हा बघत राहिले, आणि २०१९ मध्ये नवा सीझन आला. मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटायची बाकी होते. पण मग ऑगस्ट २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सनं एका झटक्यात डझनावारी कार्यक्रम काढून टाकले, त्यात इन्फिनिटी ट्रेनसारखी कार्टून्स. बंद केलं नाही, ते तर आधीच बंद होतं, बघायलाच ठेवलं नाही. आमच्या वेळी निदान जुने भाग तरी लागायचे. मेलेलं असलं तरी रोज संध्याकाळी भेटायचं.

हे सगळं मी दादाला फोनवर तुकड्यातुकड्यात सांगितलं, मध्ये त्याची गिऱ्हाइकं येत होती, "हायड्रॉलिकचा सील देतो थांबा" वगैरे. रेनकोटचं सांगितलं नाही, ते पहिल्यांदा इथंच लिहितेय. सगळं ऐकून घेतल्यावर तो गप्प झाला, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "मग ते जे परत येणार होतं त्याचं काय?"

त्यालाही माहिती होतं तर. ट्रेंब्ले भावांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा केले होते, स्वॅट कॅट्स रिव्होल्यूशन म्हणून, आणि पुढं जी कंपनी त्यांच्यासोबत ते करणार असं जाहीर झालं ती आपल्या तिरुवनंतपुरमची टूंझ. म्हणजे कधी झालंच तर या वेळी ती मांजरं आपल्याच कुणीतरी हलवायची. मी हे म्हटल्यावर दादाचा आवाजच बदलला.

"तिकडं तुझ्या ओळखीचं कोण आहे का?"

"आहे एक, माझ्याबरोबर मालाडला होता, पण तो त्याच गावातल्या दुसऱ्या स्टुडिओत."

"विचार की त्याला."

"काय विचारू?"

"विचार, विमान कोण करतंय. पंख कसे काढायचे ते मला अजून जमत नाही म्हणावं."

मी विचारलं. तिकडून नुसती हसणारी स्मायली आली, डोळे मिटलेली. ती मी दादाला फॉरवर्ड केली, आणि तो कालपासून दुकानात बसून तिचा अर्थ लावतोय.